आवडती रेल्वे, पण मॉडेलच नाही: पुण्यातल्या रेल्वेवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेक्कन क्वीन, बार्शी लाइट नॅरोगेज, पुणे-मिरज मीटरगेज, घाटातलं खेकडा इंजिन. पुण्यात रेल्वेवर जीव टाकणाऱ्यांची आवड साधारण याच नावांभोवती फिरते, आणि जगातल्या मोठ्या मॉडेल कंपन्यांच्या यादीत ही नावं सहसा सापडत नाहीत. त्यामुळे प्रश्नही तेच तेच येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. क्रमाने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न आधी घ्या.

मला बार्शी लाइटचं तयार मॉडेल हवंय. कुठल्या दुकानात मिळेल?

कुठल्याच नाही. हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे रविवार फुकट जायचे नाहीत.

मॉडेल कंपनीचा हिशेब सरळ असतो. प्लास्टिकचं इंजिन काढायचं तर आधी पोलादी साचे कोरावे लागतात, आणि तो खर्च भरपूर नग खपले तरच निघतो. जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, जपान इथे असा गिऱ्हाईकवर्ग पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे. म्हणून तिकडच्या एखाद्या आडगावच्या शाखामार्गाचंही मॉडेल निघतं, आणि आपल्या डब्ल्यूपी वर्गाच्या बुलेटनाकी इंजिनाने अर्ध्या भारताच्या मेल गाड्या ओढूनही त्याला दुकानात जागा मिळत नाही. दार्जिलिंगचं छोटं बी-क्लास इंजिन हा अपवाद. ब्रिटिशांचा त्याच्यावर फार जीव, म्हणून राउंडहाउससारखी कंपनी त्याचं खऱ्या वाफेवर चालणारं मॉडेल काढते.

तेव्हा रेल्वेचं नाव टाकून शोधणं सोडा. तिचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) काय, इंजिनं कुठल्या कारखान्यात बांधली, आराखडा कोणाचा, डब्याखालचे गाडे कुठल्या जातीचे, हे आधी लिहून काढा. मग त्यातला एखादा धागा परदेशातल्या, भरपूर मॉडेलं असलेल्या रेल्वेशी जुळतो का ते बघा. बहुतेक वेळा जुळतोच. आपली रेल्वे आली ती तिकडच्या कारखान्यांतूनच.

बार्शीचा धागा नेमका कुठे जुळतो?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही कामाची आहेत.

बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत २१ मैल. पुढे ती १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेला पोचली. गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. ऑस्ट्रियातल्या नॅरोगेज गाड्यांचं गेज आहे ७६० मिमी. फरक दोन मिलिमीटरचा, आणि तो १:८७ मध्ये, म्हणजे ८७ पट लहान मॉडेलमध्ये, भिंगातूनही दिसणार नाही. ऑस्ट्रियन नॅरोगेजची मॉडेलं रोको आणि लिलिपुट या कंपन्या काढत आल्या आहेत. स्केल १:८७, रूळ ९ मिमी, नाव एचओ-ई. तेव्हा रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा), चाकं, बोग्या आणि मोटरसकट चालतं इंजिन एवढं तयार मिळालं. वरची बॉडी तेवढी तुमची. इथे आणि पुढेही बोगी म्हणजे अख्खा डबा नव्हे, त्याच्याखालचा चाकांचा गाडा.

दुसरा धागा अमेरिकेत. अडीच फूट म्हणजे ३० इंच, आणि तिकडे ओ-एन-थर्टी नावाचा प्रकार लोकप्रिय आहे: स्केल १:४८, रूळ मात्र साधे एचओचे, म्हणजे १:८७ च्या नेहमीच्या मॉडेलांचे, १६.५ मिमी. बाखमनची या प्रकारात चांगली मोठी मालिका आहे. डोळ्यांना चष्मा लागलेल्यांनी हाच प्रकार घ्यावा असं माझं स्पष्ट मत. वस्तू हाताएवढी होते आणि रूळ-मोटर स्वस्तातल्या एचओची चालते.

तिसरा धागा सगळ्यात गोड आहे. बार्शीचा कर्ताधर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटीच रेल्वे उभी केली, ती १९०४ ला सुरू झाली. म्हणजे आपली बार्शी थोरली आणि साहेबाच्या देशातली ती धाकटी बहीण. इंजिनं दोन्हीकडे लीड्सच्या किटसन कारखान्याची. मॅनिफोल्ड १९३४ लाच बंद पडली, तरी ब्रिटिश शौकिनांनी तिचे नकाशे, फोटो, मापं जिवापाड जपली आहेत. बार्शीच्या एखाद्या तपशिलाचा फोटो मिळत नसेल तर मॅनिफोल्डचा बघा. कॅल्थ्रॉपचा हात ओळखू येतो.

आणि एक सोय खुद्द कॅल्थ्रॉपने करून ठेवली आहे. बार्शीच्या मालगाडीच्या वाघिणी त्याने एकाच मापाच्या, २५ फूट लांबीच्या दाबीव पोलादी सांगाड्यावर बांधून घेतल्या. मॉडेल करणाऱ्याला याहून चांगली भेट नाही. एक सांगाडा नीट जमला की त्यावर उघडी, बंद, सपाट अशी कुठलीही वाघीण चढवा. १:४८ मध्ये ही लांबी १५९ मिमी भरते, १:८७ मध्ये साधारण ८८ मिमी.

स्केल आणि गेज यात माझा नेहमी गोंधळ होतो. एकदाच नीट सांगा.

स्केल म्हणजे खरी वस्तू किती पट लहान केली. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. जगभरचे मॉडेलवाले एचओ स्केल, म्हणजे १:८७, आणि १६.५ मिमी रूळ वापरतात, कारण त्यांची स्टँडर्ड गेज १४३५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. तिला १:८७ मध्ये १९.३ मिमी रूळ हवेत. म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपली गाडी ठेवली की ती जवळपास तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभी राहते. ब्रिटिश ओओमध्ये, म्हणजे १:७६ मध्ये, प्रकरण आणखी बिघडतं. रूळ तेच १६.५, हवेत मात्र २२.

उपाय तीन. पहिला, डोळेझाक. बहुतेक भारतीय शौकीन एचओच्या रुळांवर सुखाने ब्रॉडगेज चालवतात, आणि बाजूने बघताना काही कळत नाही. दुसरा, रूळ स्वतः घालणं. ब्रिटनमधल्या काटेकोर लोकांचा पी-फोर नावाचा प्रकार आहे, त्यात रूळ १८.८३ मिमीवर असतात. आपल्या १९.३ ला तो फार जवळचा, त्यामुळे त्यांचे आस आणि मापपट्ट्या कामी येतात. समोरून घाटात वळणारी गाडी दाखवायची असेल तर एवढे कष्ट घ्या, नाहीतर नको.

तिसरा उपाय फारसा कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये फुटाला ३ मिलिमीटर असं एक जुनं स्केल आहे, १:१०१.६. साडेपाच फूट गुणिले तीन किती? बरोबर १६.५. म्हणजे या स्केलमध्ये बाजारातले साधे एचओ रूळ ही आपली तंतोतंत ब्रॉडगेज! बॉडी सगळी स्वतःच करायची तयारी असेल, आणि आपल्या बाबतीत ती करावीच लागते, तर मी हेच स्केल सुचवेन. आयसीएफचा, म्हणजे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा यात २१० मिमी होतो, म्हणजे जागाही वाचते.

डेक्कन क्वीन करायची आहे. सुरुवात कुठून?

आधी साल ठरवा. 'डेक्कन क्वीन' असं एकच काही नाही. १ जून १९३० ला सुटली ती गाडी सात-सात डब्यांच्या दोन रेकची, म्हणजे जोडलेल्या संचांची, होती. एक रेक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडचे आणि बॉडी जीआयपीच्या, म्हणजे तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, माटुंगा कारखान्यातली. १९६६ मध्ये पेरांबूरच्या आयसीएफचे पोलादी डबे आले, आणि २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्याचे नवे डबे. तुमच्या आजोबांची क्वीन, तुमची क्वीन आणि तुमच्या मुलीची क्वीन या तीन वेगळ्या गाड्या आहेत.

सगळ्यात सोपा काळ मधला. भारतातले छोटे निर्माते, घरी थ्रीडी प्रिंटर लावून बसलेले हौशी, यांच्याकडे सर्वात जास्त काही सापडत असेल तर तो आयसीएफ डबा. खरी लांबी २१.३ मीटर, एचओमध्ये २४५ मिमी. साध्या चेअर कारचे डबे जमवा आणि सगळी मेहनत डायनिंग कारवर खर्च करा, कारण क्वीनची ओळख तीच. टेबलावर बसून खायची सोय असलेला तो डबा नुसता निळा-पांढरा रंगवून भागत नाही, खिडक्यांची मांडणीच वेगळी आहे. कुठल्या बाजूला स्वयंपाकघर आणि कुठल्या बाजूला टेबलं, हे फोटोवरून पक्कं करूनच कानस हातात घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो हवेत.

एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट. आयसीएफ डब्याचं नवं चाक ९१५ मिमी व्यासाचं असतं. अमेरिकन प्रवासी डब्यांचं ३६ इंची चाक ९१४ मिमी. म्हणजे एचओमधली '३६ इंची' म्हणून विकली जाणारी धातूची चाकं डोळे मिटून घ्या. सोबत मिळणारी लहान ३३ इंची मालडब्याची चाकं लावली की डबा बसका दिसतो. का दिसतो ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

१९३० चीच हवी असेल तर लाकूडकामाची आवड लागेल. डबे पूर्ण हाताने करावे लागतात, पण सातच आहेत.

घाटातलं खेकडा इंजिन स्विस क्रोकोडाइलचंच भावंड ना? मग मार्कलिनचं क्रोकोडाइल रंगवून चालेल?

क्रोकोडाइल म्हणजे लांब नाकांचं, विजेवरचं स्विस इंजिन; मार्कलिन ही त्याचं मॉडेल काढणारी जर्मन कंपनी. भावंडं खरी. दोघांच्या जन्मदात्यांत विंटरथूरचा एसएलएम कारखाना आहे. मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं तेव्हा, १९२८-२९ च्या सुमारास, मालगाड्यांसाठी ईएफ/१ वर्गाची ४१ इंजिनं आली. पुढे त्यांनाच डब्ल्यूसीजी-१ नाव पडलं. मधे केबिन, दोन्हीकडे हलती नाकं, बाजूने फिरणारे दांडे, आणि चालताना एकूण डौल असा की लोकांनी खेकडा म्हणावं.

पण नुसतं रंगवून चालणार नाही. स्विस इंजिनाच्या दोन्ही टोकांना वजन पेलायला एकेक जादा चाकजोडी आहे, आपल्याकडे ती नाही; सहा अधिक सहा, बारा चाकं, सगळी ओढणारी. शिवाय आपलं इंजिन ब्रॉडगेजचं, त्यामुळे अंगाने रुंद. स्विस मॉडेलची यंत्रणा ठेवून टोकाची चाकं काढायची, नाकं आणि केबिन नव्याने बांधायची, असं करता येतं. जुनं, खोकं हरवलेलं, रंग उडालेलं मॉडेल मिळालं तरच हा उद्योग करा. चांगल्या स्थितीतल्या मार्कलिनवर करवत चालवणं मला तरी बघवणार नाही.

खरं इंजिन बघायला दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पुण्याहून जवळ म्हणजे मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, तिथे आवारातच खेकडा उभा आहे.

पुणे-मिरज मीटरगेजचं काही?

१९७१ च्या सुमारास तो मार्ग ब्रॉडगेज झाला, त्यामुळे ती गाडी आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून फोटो मागून घ्यायचे तर आत्ताच. मॉडेलच्या बाजूने स्थिती चांगली आहे. स्वित्झर्लंडची रेटियन रेल्वे मीटरगेजच, आणि बेमो कंपनी तिची मॉडेलं १:८७ मध्ये १२ मिमी रुळावर काढते. रूळ, सांधे, बोग्या तिथून. वायपी वर्गाचं वाफेचं इंजिन मात्र पूर्ण बांधावं लागेल.

डब्ल्यूडीएम-२ डिझेलसाठी कुठलं परदेशी इंजिन फोडू?

डब्ल्यूडीएम-२ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. १९६२ मध्ये ती आली आणि मग वाराणसीला बनू लागली. तिच्या बोगीकडे बाजूने बघा. तीन चाकजोड्यांमधली अंतरं सारखी नाहीत, एक फट मोठी आणि एक लहान. ही ट्रायमाउंट बोगी अल्कोच्या अमेरिकन आरएसडी मालिकेतही आहे. एचओमध्ये अॅटलसचं आरएसडी-४/५ किंवा ब्रॉडवे लिमिटेडचं आरएसडी-१५ जुन्या बाजारात मिळालं, तर खालचा अर्धा भाग जिंकलात. समान अंतराच्या तीन चाकजोड्यांचं, ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या धाटणीचं यंत्र खाली घातलं तर घोरपडी शेडमध्ये आयुष्य काढलेला माणूस तुमचं मॉडेल बघून पहिल्यांदा तेच बोलेल.

विकत घेण्याआधी दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा आणि आपल्या आराखड्याशी ताडून बघा. थोडं कमी-जास्त असेल तर सांगाडा कापून जुळवता येतो.

पुण्यात बघायला आणि सामान घ्यायला कुठे जायचं?

बघायला कोथरूडचं जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे, कर्वे रस्त्याजवळ. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या गोष्टींतून ते उभं राहिलं, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. मुलांना घेऊन जाणारे दिवे लागलेलं शहर बघतात. तुम्ही सिग्नल आणि सांधे बघा. गाडी सांध्यावरून जाताना कुठे कचरते, चढावर किती डबे ओढते, वळणाला लांब डबा किती बाहेर झुकतो, हे पुस्तकातून कळत नाही. वेळ फोनवर विचारून मग निघा.

सामानाचं म्हणाल तर 'हॉबी शॉप' शोधत बसू नका, पेठा आहेत. वायर, एलईडी, स्विच, ट्रान्सफॉर्मर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. कानशी, बारीक ड्रिल, पितळी तार, पत्रा, चिमटे यांसाठी रविवार पेठ आणि बोहरी आळी. रंग जुळवून घ्यायचा तर गाड्यांच्या टच-अपचं काम करणारे नाना पेठेच्या बाजूला आहेत. रंगाचा तुकडा नेऊन दाखवा, 'ट्रेनचा निळा द्या' म्हणू नका. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे कधीतरी जुनी हॉर्नबी (ब्रिटिश मॉडेल गाडी) येते, पण त्या आशेवर जाऊ नये. बारीक स्क्रू, घड्याळजीची हत्यारं आणि मापं घ्यायची जुनी उपकरणं मात्र तिथे हमखास मिळतात.

पितळी पत्र्यावर खिडक्या, रिव्हेट, नक्षी कोरून हवी असेल तर ओळख कामी येते. दाराच्या पाट्या आणि नेमप्लेट आम्लाने कोरून देणारे कारागीर पुण्यात आहेत. त्यांना संगणकावर काढलेलं रेखाटन द्या. सुरुवातीला ते हसतात. डब्याची अख्खी बाजू एका पत्र्यात उतरली की स्वतःच चार सूचना करायला लागतात.

परदेशातून मागवताना काय सांभाळायचं?

तीन गोष्टी.

जकात. कस्टम्सच्या वर्गवारीत मॉडेल ट्रेन खेळण्यांबरोबर ९५०३ या शीर्षकाखाली येते. खेळण्यांवरची मूळ आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय प्रमाणपत्राची सक्ती. सुटे भाग, इंजिन, वापरलेला माल यांना काय लागेल हे मागवण्याआधी कुरियरकडून लेखी घ्या. पार्सल कस्टम्समध्ये अडकल्यावर होणाऱ्या चर्चेला अर्थ नसतो. भाचा अमेरिकेहून येतोय म्हणून त्याची बॅग भरायची असेल, तर त्यालाही सामानाच्या सवलतीचा नियम आधी वाचायला सांगा.

वीज. अमेरिकन सेटबरोबर येणारा अॅडॉप्टर १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घातला की धूर. त्यावर छापलेली इनपुटची ओळ वाचा, आणि नसेल जमत तर तो फेकून इथला चांगला १२ व्होल्ट डीसी पुरवठा घ्या.

मार्कलिन. हा प्रकार तीन रुळांच्या पद्धतीचा, एसीवर चालणारा. त्याची चाकं एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी केलेली नसतात, त्यामुळे दोन रुळांच्या डीसी मांडणीवर ठेवलं की सरळ शॉर्ट. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि मग कळलं, असं होऊ नये.

वापरलेलं इंजिन हातात आलं की कसं तपासायचं?

खिशात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी ठेवा. इंजिन उलटं धरा आणि बॅटरीची दोन टोकं दोन बाजूंच्या चाकांना टेकवा. चाकं फिरली तर मोटर जिवंत. मग ऐका. एकसारखा घुर्रर्र आवाज चांगला. टक-टक-टक असा ठेका आला तर गिअरला तडा आहे, आणि जुन्या प्लास्टिक गिअरना आसावर चिरा पडतातच. बॅटरी उलटी करून मागेही फिरवून बघा. फिरून थांबली, परत हलकं ढकलल्यावर फिरली, तर बहुधा नुसती घाण आहे. चाकांवरचा काळा थर स्पिरिट लावलेल्या फडक्याने निघतो.

नंतर धातूचा सांगाडा. उजेडात तिरका धरून बघा. युद्धापूर्वीच्या आणि काही नंतरच्याही ओतीव जस्तामध्ये अशुद्धता राहिली की तो वर्षानुवर्षं फुगत, तडकत जातो. कडेला केसाएवढ्या भेगा, मधेच केळीसारखा बाक, कोपऱ्यातून पिठासारखी भुकटी यांतलं काही दिसलं तर किंमत कितीही कमी असो, खाली ठेवा. त्याला औषध नाही.

डीसीसी डीकोडर, म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल हुकूम ओळखणारी चकती, बसवलेला असेल तर विकणाऱ्याला पत्ता क्रमांक विचारा. माहीत नसेल तर काही बिघडत नाही, रीसेट होतो.

थ्रीडी प्रिंट मागवू का?

मागवा, पण कोणत्या प्रकारची ते विचारून. तारेसारखं प्लास्टिक वितळवून केलेल्या प्रिंटवर थरांच्या रेघा राहतात. आयसीएफच्या सपाट बाजूवर त्या रंगाखालूनही डोकावतात, घासून काढायला गेलात तर रिव्हेटही जातात. रेझिनची प्रिंट गुळगुळीत येते, मात्र लांब बाजू उन्हात-उकाड्यात वाकते. २४५ मिमीची बाजू एका तुकड्यात घेण्यापेक्षा आतून पितळी पट्टी देऊन जोडणं बरं. एप्रिलमध्ये खिडकीजवळच्या कपाटात डबा ठेवून बघा म्हणजे पटेल.

मापं कुठून आणायची?

जे उभं आहे ते मोजा. नॅरोगेजसाठी नागपूरला मोतीबागेत दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचं नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथला ऐवज आपल्या बार्शीच्याच अडीच फुटी गेजचा. टेप, वही आणि सोबत एक माणूस न्या, अधिकाऱ्यांना आधी विचारा.

जे उभं नाही त्याच्यासाठी फोटो. अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या आणि त्यात एक पक्कं माप शोधा. ब्रॉडगेज डब्याच्या दोन बफरच्या (टोकाला धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्यांच्या) मध्यातलं अंतर १९५६ मिमी, ते समोरून काढलेल्या फोटोला चालतं. बाजूच्या फोटोला चाकाचा व्यास. त्यावरून बाकीचं त्रैराशिकाने काढा. मिळालेलं माप फूट-इंचात बदलून बघायला विसरू नका. जुनी गाडी इंचांत आखलेली असते, तेव्हा तुमचं उत्तर २४ फूट ११ इंच आलं तर खरं माप २५ फूटच असणार.

स्टेशनात फोटो काढताना ड्युटीवरच्या माणसाला विचारलं की सहसा अडचण येत नाही. यार्डात, रुळांवर उतरायचं नाही. हे मॉडेल आहे, जीव नाही.

'मध्य रेल' ही अक्षरं एवढी बारीक कशी लिहायची?

लिहायची नाहीत, छापायची. पाण्यात भिजवून सरकवायचा ट्रान्सफर कागद मिळतो, त्यावर लेझर प्रिंटरने छापता येतं. ग्यानबाची मेख अशी की साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, आणि आपल्या डब्यांवर निम्मी अक्षरं पांढरी किंवा पिवळी. त्यावर तोड म्हणजे पांढऱ्या ट्रान्सफर कागदावर अक्षरांभोवती डब्याचाच निळा किंवा मरून छापायचा. रंग तंतोतंत जुळत नाही. म्हणून पट्टीची कड खिडकीच्या पट्टीला किंवा पत्र्याच्या जोडाला भिडवा, म्हणजे फरक तिथे लपतो.

अक्षरं बसवण्याआधी त्या जागेवर चकचकीत वॉर्निशचा हात द्या. मॅट रंगावर ट्रान्सफर बसवलं की कागदाखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती रुपेरी कडा दिसते. ब्रशच्या ओल्या टोकाने मधून बाहेर दाबत न्यायचं, वेलांटी आणि मात्रा तुटू द्यायची नाही. एक तास वाळू द्या. मग पूर्ण डब्यावर मॅट वॉर्निश.

मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला भारतीय गाडी हवी.

सेंटी या खेळणी कंपनीची बॅटरीवरची प्लास्टिक गाडी घ्या. ती स्केल मॉडेल नाही आणि तसा तिचा दावाही नाही. पडते, उचलतो, परत चालते.

टू-बीएचकेमध्ये मावेल का हे सगळं?

सतरा डब्यांची आयसीएफ क्वीन एचओमध्ये इंजिनासकट सव्वाचार मीटरच्या वर जाते. हॉलच्या एका भिंतीवर ती उभी राहील, चालणार नाही. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, तीच गाडी सव्वादोन मीटरच्या वर. सात डबे करून 'हा १९३० चा रेक' म्हणणं हा जुना आणि प्रतिष्ठित मार्ग आहे. वळणाची त्रिज्या मात्र कमी करू नका. सेटबरोबर येणारी १८ इंची वळणं लांब डब्यांना जड जातात, साठ सेंटिमीटरच्या वर जा.

कंपन्यांना पत्र लिहून उपयोग होतो का?

मोठ्यांना नाही. भारतातल्या छोट्या निर्मात्यांना होतो, पण 'तुम्ही बार्शी का काढत नाही?' असं विचारून नव्हे. मोजलेला आराखडा, बाजूचे आणि समोरचे फोटो, आणि आगाऊ पैसे द्यायला तयार असलेल्या माणसांची यादी, एवढं घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं. आराखडा काढणं हेच त्यांचं सगळ्यात खर्चिक काम असतं.

आधी इंजिन करू की डबा?

डबा. त्यातही बार्शीची उघडी वाघीण. ओ-एन-थर्टीच्या दोन तयार बोग्या, १५९ मिमी लांबीची पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी, चार बाजू, एक तळ. मोटर नाही, वायर नाही, खिडकीसुद्धा नाही. कप्लर (डबे जोडणारा आकडा) बसवताना उंची मापपट्टीवर तपासा. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर पहिल्याच चढाला वाघीण मागे राहते.